मैमुनाबीने मागितलेल्या नाळा

आमच्या लॅबला शुक्रवार नव्हता. सगळी दुबई शुक्रवारी उशिरा उठायची, बिर्याणी रांधायची, गावाकडे फोन लावायची. मी मात्र करामाहून बस धरून इस्पितळात. काचेच्या बशीतल्या पेशींना आज सुट्टी आहे हे कोण सांगणार? एक दिवसाआड त्यांचं जुनं पाणी काढून नवं घालावं लागे. नाही घातलं तर त्या मरत, आणि मरताना कळवतही नसत. नव्या लग्नाच्या दिवसांत मला या कामाचं फार कौतुक होतं. चार वर्षांत कौतुक आटलं, बस तेवढी उरली.

लॅब म्हणजे तरी काय, इस्पितळाच्या मागे जनरेटरच्या भिंतीला लागून दोन खोल्या. वर बाळंतपणं व्हायची, खालच्या मजल्यावर डॉ. चारुदत्त कर्णिकांचा भाजलेल्यांचा वॉर्ड होता. जबल अलीच्या मजुरांच्या कॅम्पांमधून स्टोव्हचा भडका उडालेली माणसं तिथे यायची. माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून तिचा पातळ पापुद्रा तयार करणं तेव्हा जगाला नवं राहिलं नव्हतं. पण तो पापुद्रा जखमेवर धरायचा नाही, कारण त्याच्या आत रक्ताची वाट नसे. डॉक्टरांना हवी होती जाड, जिवंत कातडी, आतून रक्तवाहिन्यांचं जाळं असलेली, म्हणजे ती लावली की शरीराच्या रक्ताशी आपणहून जुळवून घेईल. आणि जाड केली की ती मधून मरायची. बाहेरचं पोषण आत पोचतं ते पातळ पुठ्ठ्याच्या जाडीइतकंच, त्यापलीकडे उपासमार. माझ्या नवऱ्याला, परेशला, मी सांगायचे की भाकरी जाड थापली तर आत कच्ची राहते ना, तसं. तो जबल अलीला गोदामात सुपरवायझर होता. भाकरीचं नाव काढलं की त्याला भूक लागायची आणि विज्ञान तिथेच थांबायचं.

जाळं विणायला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लागतात, आणि त्या मिळवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे बाळाची नाळ. तिच्यात एक जाड नळी आणि दोन बारीक. जाड नळी धुऊन घ्यायची, तिच्यात औषध भरून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, थोडा वेळ उबेत ठेवायची, की अस्तर सुटून येतं. पण या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. काही पिढ्या वाढल्या की विणायचं सोडून नुसत्या पडून राहतात. म्हणून ताजी नाळ सारखी लागे, आणि ती आणायची मैमुनाबी.

मैमुनाबी दाभोळची. प्रसूती वॉर्डात आया होती. नवरा जहाजावर खलाशी होता तो बंदरातच कुठेतरी तापाने गेला. मुलगी शहनाझ लग्न होऊन मुंब्र्याला. पन्नाशी कधीच उलटलेली, टाचांना भेगा, कमरेला पट्टा, आणि हातात निळा बर्फाचा डबा. मी तिला बसलेली कधी पाहिली नाही. लॅबमध्ये आली तरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची.

"बसा ना हो, मैमुनाबी," मी म्हणायचे.

"बसलू तर उठणार कोण गो, विनिताबाय? तू उठवशील?"

तिची बोली अशी, कोकणी मराठीत हिंदी आणि अरबी कालवलेली. पेशंटशी ती मल्याळी, तमिळ, पठाणी हिंदी असं काहीही बोलायची, आणि सगळं चुकीचं. तरी सगळ्यांना कळायचं. मी एवढी शिकलेली, पण वॉर्डात गेले की बायका माझ्याकडे तोंड फिरवायच्या. नाळ द्यायची तर आईची परवानगी लागे. आमच्या नर्सबाई कागद पुढे करून विचारायच्या तेव्हा निम्म्या जणी 'नको' म्हणायच्या. मैमुनाबीने विचारलं की 'हो'. डॉक्टर म्हणायचे, बाईच्या हाताला यश आहे. मला वाटायचं, वय बघून देत असतील. आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही की ती विचारते तरी काय, हे एकदा ऐकावं.

एकदा मी तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. त्या महिन्यात पहिल्यांदा आमच्या मऊ जेलच्या तुकड्यात पेशींनी एकमेकींचे हात धरून पोकळ नळ्या केल्या होत्या. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"घावनाला जाळी पडलीय," ती म्हणाली.

मला हसू आलं, कारण तंतोतंत तसंच दिसत होतं. तवा नीट तापला की घावनाला पडते तशी जाळी.

"यातून रक्त जाणार?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं. इतकी वर्षं तिथे राहून हा शब्द माझ्याही तोंडी बसला होता. न होणाऱ्या कामाला फार सोयीचा आहे.

त्याच दिवशी तिने तिच्या स्वतःच्या नाळेचं सांगितलं. आईला कळा सुरू झाल्या म्हणून होडीत घालून पलीकडे नेत होते, आणि ही खाडीच्या मधोमधच जन्मली. होडीतल्या बाईने नाळ कापली आणि पाण्यात टाकली. "जमिनीत पुरलेली असती तर माणूस तिथे राहतो. माझी पाण्यात गेली. म्हणून बग, पाण्यापलीकडे लोकांची बाळंतपणं काढतेय." हे तिने रडून नाही, रोजचं भाजीचं बोलावं तसं सांगितलं. मी शहाणपणाने म्हटलं, असं काही नसतं. माझे वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. माझी नाळ कुठल्या गावच्या उकिरड्यावर गेली हे आईलाही आठवत नव्हतं, आणि माझं काय अडलं होतं? 'काय अडलं' ते मैमुनाबीने माझ्याकडे बघून ठरवलं असावं, कारण तिने डबा उचलला आणि वॉर्डात गेली.

भांडं फुटलं ते दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. इस्पितळामागे बोगनवेलीची एक लांब पट्टी होती. तिथला पाण्याचा पाइप फुटला. ठेकेदाराची माणसं खणायला लागली आणि एकाएकी ओरडत बाहेर पळाली. मातीतून पांढऱ्या कापडाची गाठोडी निघत होती. लहान लहान, मुठीएवढी, ओळीने. प्रसूतीच्या इस्पितळामागे पांढऱ्या कापडात बांधलेलं काय असेल, हे कोणाला सांगावं लागत नाही. कोणीतरी पोलिसांना फोन केला. वॉर्डातल्या बायका खिडक्यांना लागल्या. आमचे ॲडमिनिस्ट्रेटर विन्स्टन लोपीस, वसईचे, एरवी टायची गाठ कधी ढिली न करणारे, टाय सोडून पायऱ्यांवर बसले.

एक गाठोडं माझ्या टेबलावर आणलं गेलं. पोलीस अधिकारी, विन्स्टन, डॉक्टर, सगळे उभे. कापड उलगडलं. आत काळपट, सुकलेली नाळ होती आणि तिच्या टोकाला माझा दोरा. माझीच गाठ. मी सुटकेचा श्वास टाकला तो इतक्या जोरात की अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो सभ्य माणूस होता. सगळी गाठोडी तपासून घेतली, लॅबचे कागद पाहिले, आणि "खलास, हे तुमचं घरचं प्रकरण आहे," असं म्हणून गेला.

घरच्या प्रकरणाला चौकशी लागत नव्हती. माळी गणू, लांज्याचा, आधीच रडत होता; खड्डे त्याने खणून दिले होते. वापरलेल्या नाळा आम्ही पिवळ्या पिशवीत टाकायचो, ती पिशवी दुपारच्या गाडीने भट्टीत जळायला जायची. गाडी यायच्या आधी मैमुनाबी त्या काढून घ्यायची.

विन्स्टनच्या खोलीत तिला बोलावलं तेव्हा मीही होते. तिथेही ती उभीच.

"मैमुनाबी, हा बायोहॅझर्ड आहे, कळतंय तुम्हाला? म्युनिसिपाल्टीने बघितलं असतं तर पूरा हॉस्पिटल सील. व्हाय? कशासाठी केलंत हे?"

"शबद दिलेला, साहेब."

"कोणाला?"

"बाळंतिणींना. तुमची नाळ द्या, काम झालं की मी जमिनीत पुरते, दुवा पढते. हिंदूची असली तर नुसतीच पुरते, वर पाणी घालते."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या शहरात कोणाकडे होती जमीन? आम्ही सगळे फ्लॅटात, नाहीतर कॅम्पात बंकबेडवर. माझ्या गॅलरीत कुंडीदेखील नव्हती. बाळंतिणीची सासू फोनवरून विचारते, नाळ कुठे पुरलीत, आणि ही पोर चौथ्या मजल्यावर, काय सांगणार? अशा वेळी एक म्हातारी आया हात हातात घेऊन म्हणते, मी पुरते. कोण नाही म्हणेल? आमचं सगळं विज्ञान तिच्या त्या एका वाक्यावर चाललं होतं, आणि आम्ही समजत होतो डॉक्टरांच्या संशोधनाची लोकांना कदर आहे.

विन्स्टन वाईट माणूस नव्हता. त्याने कागद केला: यापुढे असं वचन द्यायचं नाही, लॅबमधून काही बाहेर न्यायचं नाही, सही केली तर नोकरी कायम. मैमुनाबीने उर्दूत सही केली, डबा उचलला आणि कामावर गेली. मला वाटलं, मिटलं. अशा वेळी माझं वाटणं हमखास चुकतं.

ती आता विचारायची ते असं: "नाळ देशील? डॉक्टर कातडी बनवतात. पण पुरता येणार नाही, जाळतात." शेवटचं वाक्य कोणी बोल म्हटलं नव्हतं. पण आधी जे सांगत होती ते आता खरं नाही, तर ते नाही हे सांगायला हवं, असा तिचा सरळ हिशेब. बायका 'नको' म्हणायला लागल्या. 'नको' म्हटलं तरी नाळ शेवटी त्याच पिवळ्या पिशवीत जायची, पण ते आपल्या 'हो'ने व्हावं हे कोणालाच नको होतं. नर्सबाईंनी विचारून पाहिलं. बोगनवेलीची गोष्ट एव्हाना सगळ्या वॉर्डात झाली होती, त्यांनाही 'नको'. निळा डबा रिकामा यायला लागला. उबेच्या कपाटातल्या पेशी म्हाताऱ्या होत चालल्या. नेमकं तेव्हाच आमचं जाळं आधीपेक्षा जाड तुकड्यात टिकायला लागलं होतं. ताज्या पेशींचा एक हप्ता जरी मिळाला असता, तरी पुढचं पाऊल पडलं असतं.

डॉक्टर स्वतः तिच्याशी बोलायला लॅबमध्ये आले. त्यांच्या वॉर्डात तेव्हा छाती भाजलेला एक गवंडी होता, त्याचा पापुद्रा दुसऱ्यांदा निघून आला होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ते दुष्ट नव्हते, दमलेले होते. आमच्याकडे सगळेच दमलेले होते.

"मैमुनाबी, तुम्ही पूर्वीसारखंच सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "पुरू नका. फक्त सांगा. कोण बघायला येतंय? त्या बिचाऱ्या माणसासाठी."

ती चौकटीला टेकलेली सरळ झाली.

"डॉक्टरसाहेब, त्या पोरी तेव्हा अर्ध्या बेहोश असतात. आईच्या नावाने रडत असतात. तेव्हा खोटं बोलून पोराची नाळ घेऊ? ते नाय होणार. दुसरं काय पण सांगा. लादी पुसते."

मला दोघांचाही राग आला. तिचा यासाठी की, एक वाक्य, एवढंसं, आणि नोकरी राहते, व्हिसा राहतो, लॅब राहते. डॉक्टरांचा यासाठी की, ते वाक्य त्यांनी तिच्याकडून मागितलं. आणि मला सातवा महिना लागला होता, पाय सुजले होते, मला कोणाचीच बाजू घ्यायची ताकद नव्हती.

इस्पितळाने आयांची संख्या कमी करायची ठरवली, आणि त्यात पहिलं नाव तिचं निघालं. विन्स्टनने स्वतः तिकीट काढून दिलं आणि चार दिवस तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तिची जायची तारीख ठरली ती माझे दिवस भरण्याच्या आसपासच.

मुलगा झाला. पहाटेपासून तीच माझ्याजवळ होती. कमरेचा पट्टा स्वतःचा सोडून माझ्या पाठीला उशी लावत होती. बाळ रडलं आणि ती डबा घेऊन माझ्या उशाशी आली. कामाची पद्धत ती काम असेपर्यंत सोडणार नव्हती.

"विनिताबाय, नाळ देतेस? पुरता येणार नाही. जाळतात."

किती नाळा माझ्या हाताखालून गेल्या होत्या. दोरे बांधताना मी रेडिओ ऐकायचे. पण त्या क्षणी मला ते जुनं वाक्य हवं होतं. खोटं का होईना, हवं होतं. तिने ते दिलं नाही. मी 'घ्या' म्हटलं आणि रडले. तिने माझं तोंड पुसलं, डब्याचं झाकण लावलं आणि गेली.

जायच्या आदल्या दिवशी ती करामाला घरी आली, आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसली. परेशने चहा केला. बाळाच्या बेंबीला राहिलेला नाळेचा तुकडा सुकून सकाळीच गळून पडला होता. मी तो काय करायचा हे न कळून काडेपेटीत ठेवला होता. तिने विचारलं आणि मी दाखवला.

"हा लॅबचा नाय ना?"

"नाही. हा आमचा."

"याच्यावर कोणाची सही नाय." तिने ओढणीच्या टोकाला काडेपेटी बांधली. "दारात रातांबा आहे माझ्या. त्याच्या मुळाशी पुरते."

परेश म्हणाला, "पण आमचं गाव तर धुळ्याकडे..."

"तिकडे कोण आहे?"

परेशने विचार केला. कोणीच नव्हतं. भाऊ ठाण्याला, घर विकलेलं.

"शबद देते," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

माझी दीड महिन्याची रजा संपली. बाळाला शेजारच्या हेमाताईंकडे ठेवून मी पुन्हा बस धरली. माझ्या नाळेच्या पेशींचं पाणी डॉक्टरांनी स्वतः बदललं होतं, शुक्रवारीसुद्धा. त्यांनी त्या पेशी आजवरच्या सगळ्यात जाड तुकड्यात पेरल्या होत्या. मी काचेखाली पाहिलं आणि मैमुनाबीची आठवण आली. अशी जाळी मी आधी पाहिली नव्हती; नळीला नळी जोडलेली, कडेपासून मधोमध. काही दिवस आम्ही दोघंही हळू बोलायचो. मग एका सकाळी मध्यभागी ढगाळ ठिपका दिसला. तो वाढत गेला. नळ्या होत्या, पण त्यांतून काही वाहत नव्हतं. वाहायला आत ढकलणारं काही आम्हाला साधलं नव्हतं. त्या गवंड्याला डॉक्टरांनी त्याच्याच मांडीची कातडी लावली, जुन्या पद्धतीने, आणि तो वाकडा चालत घरी गेला. इस्पितळाच्या मालकांचा निरोप आला की लॅबच्या दोन खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात.

गुरुवारी दुपारी मी तो तुकडा जंतुनाशकात बुडवून पिवळ्या पिशवीत टाकला आणि तोंड बांधलं. तेवढ्यात फोन वाजला.

"विनिताबाय! ऐकू येतं का गो?" एसटीडी बूथमधून ती इतकी ओरडत होती की फोनची गरज नव्हती. "पुरली बग! रातांब्याखाली! परवाच पाऊस झाला. पोर बरा आहे?"

"बरा आहे. तुम्ही कशा?"

"बसून आहे," ती म्हणाली, आणि हसली. मग विचारलं, "आपल्या घावनाला जाळी पडली?"

मी खोटं बोलणार होते. तिला बरं वाटलं असतं, आणि मीटर पळत होता.

"पडली होती. खूप सुंदर. मग मधून मेली."



"तुझ्या पोराच्याच नाळेची ना ती?"

"हो."

"मग पुरलीस?"

मी दाराजवळच्या पिशवीकडे पाहिलं. मी दमले होते. दूध भरून आलं होतं, बस चुकणार होती, गाडी कधीही आली असती, आणि विन्स्टनच्या त्या कागदाची प्रत अजून लॅबच्या नोटीसबोर्डावर लागलेली होती.

"पुरते," मी म्हटलं.

"शबद?"

"शब्द."

तिने फोन ठेवला. मी हातमोजे चढवून पिशवीपाशी खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. खिडकीबाहेर गणू बोगनवेलीला पाणी घालत होता. मी त्याला हाक मारली.